नवसाच्या नारळावर घरचा पत्ता

नातीने करवंटी कचऱ्याच्या पिशवीत टाकली. मी ती काढून ओट्यावर ठेवली. तिने पुन्हा टाकली, मी पुन्हा काढली.

"आजी, व्हाय आर वुई टेकिंग अ ब्रोकन कोकोनट टू ॲरिझोना?"

"मोडकी नाही ती, अर्धी आहे. मीठ काढायची."

"पण तुला मीठ अलाउडच नाहीये!"

सामान बांधायचा तो चौथा दिवस होता. गेल्या हिवाळ्यात यांची बायपास झाली. त्यानंतर घराच्या अकरा पायऱ्या चढताना हे दोनदा थांबायला लागले, आणि ॲरिझोनात चँडलरला राहणाऱ्या लेकीने फोनवर निकाल दिला: घर विका, आमच्याकडे या. तिच्या घराला पायरीच नाही. समुद्रही नाही, पण ते तिला कोण सांगणार. मदतीला तिने आपली मुलगी पाठवली. कॉलेजात जाणारी ही पोरगी आमचा चाळीस-बेचाळीस वर्षांचा संसार 'कीप', 'डोनेट' आणि 'आजी, प्लीज' अशा तीन ढिगांत वाटत होती. मी आताशा बसल्या बसल्याच दमते. तिला वाकताना बघून माझी कंबर दुखत होती.

तेवढ्यात खुर्चीतून हे गरजले, "करवंटी टाकायची नाही हं! त्या करवंटीमुळे आपण या देशात आहोत."

झालं. म्हणजे आता गोष्ट येणार. ही गोष्ट यांनी मंडळाच्या गणपतीत सांगितली आहे, लेकीच्या लग्नात व्याह्यांना सांगितली आहे, बायपासच्या आधी भूल देणाऱ्या डॉक्टरीणबाईंनाही सांगितली आहे. त्या बिचाऱ्यांना वाटलं, भूल आधीच चढली.

यांची गोष्ट अशी. नव्या नवरीने नारळी पौर्णिमेला इथल्या बंदरात जाऊन समुद्राला नारळ दिला आणि नवस बोलली, माझ्या नवऱ्याची नोकरी पक्की होऊ दे. समुद्राने जपान्यांच्या हाती नारळ घरपोच परत पाठवला. आठ दिवसांत नोकरी पक्की झाल्याचं पत्र आलं. इथे हे माझ्याकडे असं बघतात की परकी माणसंसुद्धा टाळ्या वाजवतात.

या वेळी मात्र गोष्ट संपल्यावर हे थांबले नाहीत. म्हणाले, "अगं, पण नवस फेडायचा राहिलाच की! समुद्राने त्याचं काम केलं. आपण? जायच्या आधी फेडून टाकू. वाळवंटात समुद्र कुठून आणणार?"

"इतकी वर्षं राहिला, आता काय त्याचं."

"म्हणून तर. या छातीवर टाके पडल्यापासून मला कुणाचं काही ठेवायचं नाही."

माझ्या हातातली चिकटपट्टी तशीच राहिली. पावलेला नवस फेडतात. माझा नवस पावलाच नव्हता. कारण तो यांच्या नोकरीसाठी नव्हताच.

आता तिच्याविषयी सांगते. 'ती' म्हणजे मी, वय चोवीस, लग्नाला पाच महिने. सांगलीची. समुद्र पाहिलेला एकदाच, शाळेच्या सहलीत, आणि तेव्हाही वाळूत चप्पल हरवली म्हणून पूर्ण वेळ रडत होते. आमच्या घरी नारळी पौर्णिमा म्हणजे नारळीभात. समुद्राबिमुद्राशी आमचा संबंध नाही. इंग्रजी व्याकरणात पहिला नंबर, पण दुकानात दूध मागायचं झालं की तोंडाला कुलूप. हे सकाळी सातला ऑफिसला जायचे. बंदरातल्या क्रेनची ड्रॉइंग करायचे आणि नोकरी पक्की होईपर्यंत मान वर करायची नाही असं ठरवून बसलेले. मी दिवसभर खिडकीत. खिडकीतून दिसायचं ते पार्किंग. त्यात कोणती गाडी कुठे उभी राहते हे मला पाठ होतं. आईला पत्र लिहायचे, 'इथे सर्व छान आहे', आणि मग ते पत्र वाचून स्वतःच रडायचे. काय ते रडणं! नाटकातल्या बाईलाही लाज वाटली असती, असं.

त्या ऑगस्टमध्ये टपालाने एक नारळ आला. खोक्यात नाही, नुसता नारळ. यांचा एक सहकारी हवाईला सुट्टीवर गेला होता, त्याने गंमत म्हणून धाडला. असोला नारळ, हिरवट तपकिरी, सोडणासकट, म्हणजे वरच्या काथ्याच्या सालीसकट. त्याच्या पाठीवर पांढऱ्या रंगाने यांचं नाव आणि आमचा पत्ता रंगवलेला, बाजूला तिकिटं चिकटवलेली. पोस्टमनने तो माझ्या हातात दिला तेव्हा मला तो देवाचा कौलच वाटला. कॅलेंडरवर पाहिलं, पौर्णिमा चार दिवसांवर.

मग बाईसाहेबांनी काय करावं? पौर्णिमेला लग्नातला शालू नेसल्या. पायांत मात्र यांचे बूट, कारण बंदर दोन मैलांवर आणि माझ्या चपलांचा अंगठा तुटलेला. तो नारळ कडेवर मुलासारखा घेतला आणि निघाले. वाटेत एक ट्रकवाला थांबून काहीतरी विचारत होता. मी त्याला नमस्कार केला.

बंदरावर चार डोलकाठ्यांचं एक पांढरंशुभ्र जहाज लागलेलं होतं. एवढं सुंदर काही मी त्या देशात तोवर पाहिलं नव्हतं, पण मी आपल्या दुःखात. धक्क्याच्या टोकाला गेले, हळदकुंकू वाहिलं आणि नवस बोलले. जसा बोलले तसा लिहिते: "सहा महिन्यांत मला घरी ने. हे येणार असतील तर यांना घेऊन. नाही आले तर एकटीला." आणि नारळ टाकला.

पत्त्यासकट. हळदकुंकू वाहताना तो पत्ता माझ्या डोळ्यांसमोर होता. त्यावर बोट फिरवून मी कुंकू लावलं. पण डोक्यात प्रकाश पडला नाही. समुद्राला मागतेय काय, तर इथून ने. आणि हातात देतेय काय, तर इथलाच पत्ता.

दुसऱ्या दिवशी दुपारी दारावर टकटक झाली. दारात दोन तरुण, पांढरे गणवेश, पांढऱ्या टोप्या, कमरेत वाकलेले. त्यांच्यातल्या उंच मुलाच्या दोन्ही हातांवर माझा नारळ. कुंकू धुवून गेलं होतं, पत्ता शाबूत. ते त्या पांढऱ्या जहाजावरचे कॅडेट होते, जहाजावर राहून दर्यावर्दीपण शिकणारे. होडीत बसून जहाजाची बाजू रंगवताना त्यांना हा तरंगताना दिसला. कुणाचं तरी टपाल पाण्यात पडलं असं समजून ते नकाशा घेऊन, वाट विचारत, चालत पोचवायला आले होते.

"युवर पोस्ट," उंच मुलगा म्हणाला. "वेट. व्हेरी सॉरी." पत्र ओलं झालं म्हणून तो माझी माफी मागत होता.

मी काय म्हणणार? "हे देवाचं आहे" याचं इंग्रजी मला येत नव्हतं. येत असतं तरी ते देवाने परत केलं होतं. मी दार पूर्ण उघडलं आणि सांगलीच्या बाईला अडचणीत जे सुचतं तेच केलं, पोहे टाकले.

पोहे खाताना उंच मुलगा राहून राहून नारळाकडे बघत होता. शेवटी त्याने ताटली बाजूला ठेवली, गुडघे टेकले आणि दोन्ही हातांनी आमची फरशी घासल्याचा अभिनय केला. दुसरा त्याच्या बाजूला टेकला आणि ठेका धरला. पुढे, मागे, पुढे, मागे. मला वाटलं घर अस्वच्छ आहे असं सुचवतायत. मग कळलं, ते रोज सकाळी जहाजाचा लाकडी डेक अर्ध्या नारळाच्या सोडणाने घासतात. अनवाणी, रांगेत, गुडघ्यांवर. आणि सोडणासकट नारळ त्यांना या बंदरात कुठे मिळत नव्हते, जवळचे झिजून गेले होते.

म्हणजे देवाला नको होता, पण डेकला हवा होता.

मी हातानेच सांगितलं: न्या. उंच मुलाने मान हलवली, सगळा नको. मग पायरीवर बसून त्याने खिशातल्या चाकूने तासभर खपून सोडण उतरवलं, दोन स्वच्छ अर्ध्या वाट्यांसारखं. आतला नारळ दोन्ही हातांनी मला दिला. एका अर्ध्या सोडणावर यांचं नाव गेलं, दुसऱ्यावर रस्ता आणि गाव.

तेवढ्यात हे घरी आले. जमिनीवर दोन जपानी पुन्हा पोहे खायला बसलेले, बायको नारळ पोटाशी धरून उभी.

"हे काय?"

"काल समुद्राला दिला होता. नवस केला होता."

"कसला?"

पाच महिन्यांत यांनी मला पहिल्यांदाच नीट बघून काही विचारलं होतं. "तुमच्या नोकरीसाठी," मी म्हणाले. इतकं सफाईदार खोटं मी त्याआधी बोलले नव्हते, नंतरही नाही. यांनी टाय सोडला, त्या मुलांशेजारी फतकल मारून बसले आणि म्हणाले, "मलाही दे थोडे."

दुसऱ्या दिवशी त्या मुलांनी आम्हाला जहाज बघायला बोलावलं. तिथे पन्नाशीचे एक मास्तर भेटले, कॅडेटांना शिकवणारे. त्यांचं इंग्रजी माझ्याएवढंच होतं म्हणून मला त्यांचं सगळं कळलं. म्हणाले, आमच्याकडे पूर्वी शिकाऊ मुलांचं एक लहान शिडाचं जहाज होतं. ते वादळात गेलं, मुलांसकट गेलं. मग लोक म्हणाले, मुलं समुद्रावर पाठवायची तर मोठं, भक्कम जहाज द्या. तेव्हा हे आणि याचं जुळं भावंड बांधलं. मग युद्ध आलं. शिडं उतरवली, डोलकाठ्यांवरच्या आडव्या काठ्या काढून नेल्या. "मी तेव्हा शिकायला आलो," मास्तर म्हणाले. "शिडाच्या जहाजावर, शिडाशिवाय." इंजिनावर चालायचं आणि शिडांबद्दल पुस्तकात वाचायचं. सतरा वर्षांचे होते तेव्हा.

युद्ध हरल्यावर त्याच जहाजाने बेटाबेटांवर अडकलेली माणसं घरी आणली. हा डेक माणसांनी भरून जायचा. मास्तर सांगत होते, किनारा दिसला की मला वाटायचं लोक ओरडतील, नाचतील. कुणी काही बोलायचं नाही. काही जण उतरून धक्क्यावरच बसून राहायचे, कारण ज्या घरी जायचं ते घर उरलं नव्हतं. पुढे हे जहाज परक्या बेटांवरून मेलेल्या सैनिकांच्या अस्थीही घेऊन आलं. शिडं परत चढली ती त्याच सुमाराला, आणि मग अमेरिकेच्या फेऱ्या सुरू झाल्या. ज्यांच्याशी लढले त्यांच्याच बंदरात हे जहाज पाहुणं म्हणून यायला लागलं.

"आणि डेक?" मी विचारलं. का विचारलं कोण जाणे.

"एव्हरी मॉर्निंग," मास्तर म्हणाले. "ऑल्वेज."

त्यांनी विचारलं, तुमचं घर कुठे? मी सांगली म्हणाले. लांब? लांब. त्यांनी मान डोलवली. जहाज लोकांना घरी नेतं हे ऐकल्यापासून माझ्या ओठांवर आलं होतं, सांगली वाटेत लागेल का. बाई तेवढी मूर्ख नक्की होती. सांगलीला कृष्णा आहे, समुद्र नाही, हेही ती क्षणभर विसरली होती. उंच मुलगा लांबून आम्हाला हात करत होता. त्याच्या हातात आमचं सोडण होतं. एका दिवसात आमच्या पत्त्यातला घरनंबर घासून गेला होता.

घरी आले आणि फ्रिजमधला नारळ बघितला. नवस मोडायचा नव्हता तर तोच नारळ, सोडणाशिवायचा का होईना, मी पुन्हा टाकायला हवा होता. बंदर तिथेच होतं, शालू तिथेच होता. मी तो फोडला, खवला आणि नारळीभात केला. हे दोनदा घेऊन जेवले. अर्धी करवंटी धुऊन मी मिठाच्या बरणीत ठेवली.

आठवड्याने यांच्या नोकरीचं पत्र आलं, आणि दुसऱ्याच दिवशी जहाज निघालं. कॅडेट अनवाणी डोलकाठ्यांवर चढले. उंच उंच काठ्यांवर ओळीने उभे राहिले, एका हाताने टोपी काढली आणि सगळे मिळून तीनदा ओरडले, 'गोकिगेन्यो'. निरोपाचं आहे, खुशाल असा म्हणतात तसं. हे माझ्या शेजारी उभे होते. म्हणाले, "तुझ्या नारळाने केलं बघ." मी तेव्हा सांगायला हवं होतं. मग मुलगी झाली, मग घर घेतलं, मग गोष्ट मंडळात पोचली. मंडळात पोचलेली गोष्ट परत आणता येत नाही.

जायच्या आदल्या दिवशी नातीने आम्हाला बंदरावर नेलं. वाटेत मेक्सिकन दुकानातून हे स्वतः नारळ घेऊन आले. सोललेला, गुळगुळीत, प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेला. गाडी चालवता चालवता नात म्हणाली, "आजी, युअर शिप इज अ म्युझियम नाऊ. आय लुक्ड इट अप." त्याच्या जागी नवं जहाज आलं, जुनं तिकडे जपानात एका गोदीत पाण्यात उभं आहे. वर्षातून काही वेळा गावातली साधी माणसं येऊन त्याची सगळी शिडं उघडतात, आणि संध्याकाळी गुंडाळून ठेवतात. कुठे जात नाही ते. ऐकून मला हेवा वाटला. कुणी खोकी भरायला लावत नाही.

नात गाडीपाशी थांबली. हे वॉकर ढकलत धक्क्यापर्यंत आले, तीनदा थांबून. तिथल्या बाकावर बसले. समोर पाटी, पाण्यात काही टाकू नये.

"टाक पटकन," हे म्हणाले. "कुणी बघत नाहीये."

मी नारळ हातात धरून उभी राहिले.  समुद्राला एकदा फसवलं होतं, त्याला दिलेला नारळ आपणच खाल्ला होता; निदान पत्ता तरी खरा होता त्यावर. आता फेडायचा म्हणजे यांच्यासमोर उभं राहून पुन्हा तेच खोटं बोलायचं, आणि छातीवर टाके घेतलेल्या माणसाने ते हात जोडून ऐकायचं.

मी त्यांच्या शेजारी बसले.

"अहो, तो नवस नोकरीसाठी नव्हता."

"मग?"

"परत जायचं म्हणून होता. सांगलीला."

"दोघांनी?"

"तुम्ही आलात तर दोघांनी." मी नारळाकडे बघत होते. "नाही आलात तर एकटीने."

  एक सीगल येऊन बाकापुढे उभा राहिला, काही मिळणार नाही असं दिसल्यावर गेला. यांचा हात वॉकरच्या दांडीवर होता, मूठ घट्ट होत होती आणि सुटत होती.

"एकटीने," हे म्हणाले.

"हो."

"आणि मी बेचाळीस वर्षं लोकांना सांगत फिरलो."

"हो."

"मग भात कशाला केलास?"

 "भूक लागली होती," मी म्हणाले.

"मी दोनदा घेतला होता."

"माहितीय."

हे उठले. उठताना मी हात दिला तो घेतला नाही, वॉकरचाच आधार घेतला. दोन पावलं जाऊन म्हणाले, "न पावलेला नवस फेडत नाहीत. घे तो नारळ, गाडीत ठेव."

दुसऱ्या दिवशी चँडलरला पोचेपर्यंत रस्ताभर हे पुढच्या सीटवर होते, मी मागे, नारळ माझ्या मांडीवर. नातीने आरशातून दोनदा विचारलं, "आर यू गाइज फायटिंग?" दोघांनीही एकदमच 'नाही' म्हटलं.

चार दिवस हे माझ्याशी कामापुरतं बोलले. गोळी कुठाय, टॉवेल कुठाय. पाचव्या दिवशी लेकीने शेजारच्या दोन मराठी जोडप्यांना जेवायला बोलावलं, तरुण इंजिनीअर मुलं सगळी. मी नारळ फोडून नारळीभात केला, दुसरं काय करणार होते त्याचं. भात वाढताना एका मुलीने मिठातली जुनी करवंटी बघून विचारलं, "काकू, हे काय व्हिंटेज आहे का?"

मी यांच्याकडे बघितलं नाही. आता येईल गोष्ट, किंवा आता कधीच येणार नाही.

यांनी घसा साफ केला. जहाज सांगितलं, शालू सांगितला, बूट नेहमीपेक्षा दोन नंबर मोठे करून सांगितले. नारळ घेऊन मला धक्क्याच्या टोकापर्यंत नेऊन उभं केलं आणि थांबले.

"पुढचं ही सांगेल. नवस हिचा होता."

सगळे माझ्याकडे बघायला लागले. लेकसुद्धा, हातात डाव घेऊन. मी पदर सारखा केला. "मी म्हटलं, सहा महिन्यांत मला घरी ने. हे आले तर यांना घेऊन." मुली हसल्या. मीही हसले आणि वाढायला वळले.

"एक वाक्य राहिलं," हे म्हणाले. ताटाकडे बघत, भात कालवत.

मी वाढणं थांबवलं, आणि तेही सांगितलं.

कुणी हसलं नाही. लेकीने माझ्याकडे बघितलं, मग बापाकडे. हे जेवत होते. घास संपवून त्यांनी ताट माझ्यापुढे केलं.

"थोडा अजून घाल," म्हणाले. "साखर जास्त झालीय. तेव्हाही झाली होती."